जयपूरची रेताड माती आणि सेंद्रिय पोषणद्रव्यांची निवड

(व्याख्यानाचा मजकूर)



जुलैच्या पहिल्या पावसानंतर जयपूरच्या रोपवाटिकांत गर्दी होते. गुलाब, बोगनवेल, मोगरा, लिंबू आणि कडुनिंब यांची रोपे शहरातील घरांच्या अंगणांत, शाळांच्या आवारांत आणि रस्त्यांच्या कडेला लावली जातात. रोपासोबत खताची एक पिशवीही घरी येते आणि तिच्यावर ‘सेंद्रिय’ हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो. पुढच्या मे महिन्यापर्यंत यांपैकी अनेक रोपांची पाने पिवळी पडतात, कडा करपतात आणि काही रोपे वाळूनही जातात. दोष बहुधा उन्हाला दिला जातो. पुष्कळ वेळा मात्र खरे कारण खड्ड्यात घातलेल्या खतात दडलेले असते. कोणत्या मातीत, कोणते सेंद्रिय द्रव्य, किती प्रमाणात आणि कोणत्या वेळी द्यावे, हा साधा वाटणारा प्रश्न मृदाशास्त्र, जलव्यवस्थापन, नागरी कचरा आणि शासकीय धोरण या चारही विषयांना स्पर्श करतो. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात हे विषय वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. जयपूरच्या उदाहरणातून ते एकत्र पाहता येतात.

मातीचे स्वरूप

सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये वसवलेले जयपूर हे अरवलीच्या पायथ्याशी असलेले शहर होय. कृषी हवामान विभागणीनुसार जयपूर, अजमेर, दौसा व टोंक हा प्रदेश राजस्थानच्या निमशुष्क पूर्व मैदानी विभागात मोडतो. वर्षभरात सुमारे ६०० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत पडून जातो. मे-जूनमध्ये तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा हवामानात जमिनीतील सेंद्रिय पदार्थांचे विघटन वेगाने होते आणि त्यांची भरपाई करणारी वनस्पती मात्र विरळ असते.

याचा परिणाम मातीत स्पष्ट दिसतो. येथील माती मुख्यतः रेताड ते वाळूमिश्रित पोयट्याची आहे. मृदा परीक्षणाच्या प्रचलित निकषांनुसार सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यापेक्षा कमी असल्यास तो ‘कमी’, ०.५ ते ०.७५ टक्के असल्यास ‘मध्यम’ आणि त्याहून अधिक असल्यास ‘जास्त’ मानला जातो. जयपूर परिसरातील जमिनी बहुतांशी पहिल्या वर्गात येतात. सामू साधारणतः ८ च्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो, म्हणजे माती विम्लधर्मी आहे. वाळूचे कण पाणीही धरून ठेवत नाहीत आणि पोषणद्रव्येही. चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असल्याने अमोनियम, पालाश, कॅल्शियम यांसारखे धनभारित आयन त्यांना चिकटून राहतात. वाळूत ही धनभार विनिमय क्षमता फारच थोडी असते. त्यामुळे दिलेले नत्र पाण्याबरोबर खाली वाहून जाते.

येथे महाराष्ट्राशी तुलना उद्बोधक ठरेल. विदर्भातील काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असल्याने ती पाणी व अन्नद्रव्ये दीर्घकाळ धरून ठेवते. तेथे अडचण निचऱ्याची असते. कोकणातील जांभी माती आम्लधर्मी असून मुसळधार पावसाने तिच्यातील क्षार धुऊन गेलेले असतात. जयपूरची माती या दोन्हींहून वेगळी, म्हणजे सच्छिद्र, विम्लधर्मी आणि कर्बाने दरिद्री आहे. म्हणूनच एका प्रदेशात उपयुक्त ठरलेला सल्ला दुसऱ्या प्रदेशात जसाच्या तसा लागू करता येत नाही. चुलीतील राख हे त्याचे उत्तम उदाहरण होय. कोकणातील आम्ल जमिनीत राख आम्लता कमी करते व पालाशही पुरवते. जयपूरच्या मातीत तीच राख आधीच चढलेला सामू आणखी वाढवते.

आधी परीक्षण, मग खत

खताची निवड मातीच्या परीक्षणापासून सुरू झाली पाहिजे. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातीलच सुरतगढ येथे सुरू झाली. या पत्रिकेत बारा घटकांची नोंद असते. नत्र, स्फुरद व पालाश ही तीन मुख्य अन्नद्रव्ये, गंधक हे दुय्यम अन्नद्रव्य, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन ही पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि सामू, विद्युतवाहकता व सेंद्रिय कर्ब हे तीन गुणधर्म असे त्यांचे वर्गीकरण लक्षात ठेवणे सोपे जाते. ही योजना शेतकऱ्यांसाठी आखलेली असली, तरी तिच्यामागील तत्त्व घराच्या अंगणालाही तितकेच लागू पडते. जयपूर परिसरात दुर्गापुरा येथील राजस्थान कृषी संशोधन संस्था आणि जोबनेर येथील कृषी शिक्षणाचे जुने केंद्र या दोन्ही ठिकाणी या प्रकारच्या मातीचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. जोबनेरचे कृषी महाविद्यालय १९४७ मध्ये स्थापन झाले आणि २०१३ मध्ये तेथे श्री कर्ण नरेंद्र कृषी विद्यापीठ अस्तित्वात आले.

बारा घटकांपैकी तीन गुणधर्म जयपूरच्या संदर्भात निर्णायक ठरतात. सामू ८ च्या वर गेला की जमिनीत लोह व जस्त असूनही ते मुळांना मिळत नाहीत, कारण त्यांचे अविद्राव्य संयुगांत रूपांतर होते. गुलाबाची किंवा लिंबाची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण समजावे. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली, तर नत्राची कमतरता संभवते. दोन्ही वेळी पाने पिवळीच दिसतात, परंतु उपाय भिन्न आहेत. लोहाची कमतरता असताना पेंडीचा मारा केल्यास रोग तसाच राहतो आणि क्षार मात्र वाढतात.

विद्युतवाहकता म्हणजे मातीतील विरघळलेल्या क्षारांचे माप. जयपूर शहराला २००९ पासून टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरील बिसलपूर धरणाचे पाणी मिळू लागले. त्यापूर्वी शहराची भिस्त मोठ्या प्रमाणावर भूजलावर होती. ज्या रामगढ तलावाने एकेकाळी शहराची तहान भागवली आणि जेथे १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांतील नौकानयन झाले, तो तलाव पुढे कोरडा पडला. आजही अनेक बागांना कूपनलिकेचेच पाणी दिले जाते. ते काही भागांत खारे किंवा सोडियम बायकार्बोनेटयुक्त असते. अशा पाण्यावर वाढणाऱ्या रोपाला क्षारयुक्त खत दिल्यास मुळांभोवतालच्या द्रावणाची तीव्रता वाढते आणि ओल असूनही मुळांना पाणी शोषता येत नाही. पानांच्या कडा करपतात त्या यामुळे.

पर्यायांचा विचार

सेंद्रिय पोषणद्रव्यांचे कार्यानुसार दोन गट पाडणे सोयीचे आहे. पहिला गट मातीची रचना सुधारणाऱ्या, कर्बप्रधान द्रव्यांचा होय. शेणखत, लेंडीखत, कंपोस्ट, गांडूळखत, पालापाचोळ्याचे खत ही त्याची उदाहरणे. दुसरा गट अन्नद्रव्ये तुलनेने सघन स्वरूपात पुरवणाऱ्या द्रव्यांचा असून त्यात पेंडी, हाडांचा चुरा, कोंबडखत यांचा समावेश होतो. जयपूरच्या मातीची पहिली गरज कर्ब ही असल्याने पहिल्या गटास प्राधान्य द्यावे लागते आणि दुसरा गट पूरक म्हणून वापरावा लागतो. बाजारात मात्र नेमके उलट घडते. पेंड जलद परिणाम दाखवते म्हणून तिचीच निवड अधिक होते.

चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारणतः नत्र ०.५ टक्के, स्फुरद ०.२ ते ०.२५ टक्के आणि पालाश ०.५ टक्के असते. ही टक्केवारी अल्प वाटते. परंतु शेणखताचे खरे मोल वाळूच्या कणांना एकत्र बांधणाऱ्या आणि ओलावा धरून ठेवणाऱ्या ह्यूमसमध्ये आहे. जयपूरच्या शेणाला परदेशातही मागणी आल्याचे उदाहरण आहे. जून २०२२ मध्ये जयपूरहून १९२ मेट्रिक टन शेण कुवेतला निर्यात होत असल्याचे वृत्त देशभर प्रसिद्ध झाले. खजुराच्या बागांसाठी ते वापरले जाणार होते. वाळवंटी देशाने विकत घेतलेले हे द्रव्य जयपूरच्या स्वतःच्या रेताड जमिनीलाही तितकेच आवश्यक आहे.

शेण ताजे वापरणे मात्र धोक्याचे ठरते. अर्धवट कुजलेल्या शेणाकडे वाळवी आकर्षित होते आणि हुमणीची वाढ त्यात जोमाने होते. हुमणी ही राजस्थानच्या हलक्या जमिनीतील गंभीर कीड असून तिच्यावरील अखिल भारतीय संशोधनकार्यात दुर्गापुरा केंद्राने महत्त्वाची भूमिका बजावली आहे. पहिल्या वळिवाबरोबर भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब, बोर, खेजडी यांसारख्या झाडांवर जमतात आणि नंतर मातीत अंडी घालतात. त्यांतून निघालेल्या अळ्या सेंद्रिय पदार्थांवर व पुढे मुळांवर जगतात. नेमक्या याच काळात खड्ड्यांत कच्चे शेण भरले जाते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हिरवेगार रोप एकाएकी मान टाकते, तेव्हा मुळे कुरतडलेली आढळतात.

राजस्थानचे दुसरे स्थानिक सामर्थ्य म्हणजे लेंडीखत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार शेळ्यांच्या संख्येत राजस्थान देशात पहिल्या क्रमांकावर आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंडीखतात नत्राचे प्रमाण सुमारे ३ टक्के, म्हणजे शेणखताच्या कितीतरी पट असते. ते सावकाश विरघळते आणि हलक्या जमिनीस मानवते. तेही कुजवूनच वापरणे श्रेयस्कर होय.

गांडूळखतात नत्र साधारणतः १ ते १.५ टक्के असते. ते बारीक, दुर्गंधीरहित आणि हाताळण्यास सोपे असल्याने शहरी बागांत लोकप्रिय झाले आहे. त्याच्या निर्मितीसाठी प्रामुख्याने वापरली जाणारी आयसेनिया फेटिडा ही गांडुळाची जात साधारण १५ ते ३० अंश तापमानात उत्तम काम करते. जयपूरच्या उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या वाफ्यात ती तग धरत नाही. त्यामुळे सावली, पोत्यांचे आच्छादन आणि नियमित ओलावा यांची व्यवस्था नसल्यास खत घरी करण्यापेक्षा खात्रीच्या ठिकाणाहून घेणे इष्ट.

पेंडींमध्ये मोहरीची पेंड जयपूरला सहज मिळते, कारण मोहरीच्या उत्पादनात राजस्थान देशात अग्रस्थानी आहे. तिच्यात व निंबोळी पेंडीत सुमारे ५ टक्के नत्र असते. निंबोळी पेंडीचा आणखी एक गुण म्हणजे ती नत्राचे नायट्रेटमध्ये रूपांतर होण्याची क्रिया मंदावते. रेताड जमिनीतून नायट्रेट झपाट्याने वाहून जात असल्याने येथे हा गुण विशेष मोलाचा ठरतो. एरंडीची पेंडही नत्राने समृद्ध आहे. तथापि तिच्यात रिसिन हे विष असते. पाळीव कुत्री व गुरे यांच्या तोंडी ती लागणार नाही, अशी दक्षता घ्यावी लागते. कोंबडखतात नत्र व स्फुरद भरपूर असले, तरी ताजे असताना त्यातून अमोनिया मुक्त होतो आणि मुळे भाजतात.

हाडांच्या चुऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्यात २० ते ३० टक्क्यांपर्यंत स्फुरद असते आणि पिशवीवरील हा आकडा ग्राहकाला भुरळ घालतो. परंतु हाडांतील कॅल्शियम फॉस्फेट विरघळण्यासाठी आम्लता लागते. कोकणच्या मातीत ते हळूहळू उपलब्ध होते, तर सामू ८ असलेल्या मातीत ते जवळजवळ जसेच्या तसे पडून राहते. खनिज रॉक फॉस्फेटलाही हाच नियम लागू आहे. उदयपूरजवळील झामरकोटडा येथे रॉक फॉस्फेटची मोठी खाण आहे. ते बारीक दळून सेंद्रिय पदार्थांबरोबर कुजवले असता कुजताना निर्माण होणाऱ्या सेंद्रिय आम्लांमुळे व सूक्ष्मजीवांमुळे त्यातील स्फुरद अधिक उपलब्ध होतो. स्फुरदयुक्त सेंद्रिय खत या नावाने असे उत्पादन ओळखले जाते. विम्लधर्मी जमिनीसाठी हा मार्ग थेट वापरापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध आहे.

जमिनीत सोडियमचे प्रमाण अधिक असल्यास कोणतेही खत एकट्याने पुरे पडत नाही. अशा वेळी जिप्समचा उपयोग होतो. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेतो आणि मुक्त झालेला सोडियम पाण्याबरोबर खाली निघून जातो. भारतातील जिप्समच्या उत्पादनात राजस्थानच आघाडीवर आहे. मात्र जिप्सम द्यायचे की नाही, हे परीक्षणाच्या अहवालावरूनच ठरवावे.

जिवाणू खते आणि उन्हाळ्याचा प्रश्न

रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू यांचा सेंद्रिय पोषणात वाटा आहे. हे जिवाणू स्वतः अन्नद्रव्य नसतात. हवेतील नत्र स्थिर करणे किंवा मातीतील अविद्राव्य स्फुरद मोकळा करणे, हे त्यांचे कार्य होय. त्यांना जगण्यासाठी ओलावा व कर्ब लागतो. कर्ब नसलेल्या वाळूत सोडलेले जिवाणू उपाशी मरतात. शिवाय जयपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेल्या पाकिटातील बहुसंख्य जिवाणू वापरापूर्वीच मृत झालेले असतात. म्हणून असे पाकीट घेताना त्यावरील अंतिम तारखेइतकेच ते कोठे व कसे साठवले होते, याकडेही लक्ष देणे अगत्याचे असते.

पिशवीवर काय वाचावे

‘सेंद्रिय’ हा शब्द गुणवत्तेची हमी देत नाही. ती हमी कायद्याने दिली आहे. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये २००६ साली दुरुस्ती करून जिवाणू खते व सेंद्रिय खते प्रथमच त्याच्या कक्षेत आणण्यात आली. तिसऱ्या अनुसूचीत जिवाणू खतांची आणि चौथ्या अनुसूचीत सेंद्रिय खतांची मानके दिली आहेत. त्यांत आर्द्रता, सेंद्रिय कर्ब, अन्नद्रव्यांचे किमान प्रमाण, कर्ब-नत्र गुणोत्तर, सामू, विद्युतवाहकता तसेच शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारख्या जड धातूंच्या कमाल मर्यादांचा समावेश आहे.

यातील कर्ब-नत्र गुणोत्तर ही संकल्पना परीक्षार्थींनी नीट समजून घ्यावी. सूक्ष्मजीवांना स्वतःच्या शरीरबांधणीसाठी कर्बाबरोबर नत्रही लागते. द्रव्यातील गुणोत्तर ३० पेक्षा बरेच अधिक असेल, जसे वाळलेला भुसा, पेंढा किंवा लाकडाचा भुगा, तर सूक्ष्मजीव मातीतील नत्र ओढून घेतात आणि रोप उपाशी राहते. गुणोत्तर २० च्या खाली आले की विघटनातून नत्र मोकळे होऊ लागते. कंपोस्ट पक्व झाले आहे की नाही, हे या एका आकड्यावरून बऱ्याच अंशी कळते. परीक्षणाची सोय नसेल, तर तयार खताचा रंग गडद तपकिरी असावा, त्याला पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास यावा, मूळ पदार्थ ओळखू येऊ नयेत आणि ढीग आतून गरम लागू नये, या चार खुणा पुरेशा आहेत.

मात्रेचे गणित

एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. म्हणून हेक्टरी १० टन खत म्हणजे दर चौरस मीटरला १ किलो, हे सूत्र लक्षात ठेवल्यास शेतीची शिफारस बागेस लागू करता येते. समजा, १० चौरस मीटरच्या गुलाबाच्या वाफ्याला वर्षभरात सुमारे १०० ग्रॅम उपलब्ध नत्र द्यायचे आहे. २० किलो शेणखतात ०.५ टक्के दराने १०० ग्रॅम नत्र असते. तथापि त्यातील साधारण एक तृतीयांश, म्हणजे ३३ ग्रॅमच्या आसपास नत्र पहिल्या वर्षी उपलब्ध होते. ५ किलो गांडूळखतात १ टक्का दराने ५० ग्रॅम नत्र असते आणि त्याचा काही भागच पहिल्या वर्षी मिळतो. १ किलो मोहरीच्या पेंडीतील ५० ग्रॅम नत्रापैकी बहुतांश काही महिन्यांतच मोकळे होते. तिन्हींची बेरीज उद्दिष्टाच्या जवळ येते. हा हिशेब स्थूल असला, तरी केवळ पेंडीवर किंवा केवळ शेणखतावर विसंबण्यापेक्षा मिश्रण का हितकर, हे त्यातून समजते. शेणखताचे उरलेले नत्र पुढील वर्षांसाठी शिल्लक राहते.

किमतीची तुलनाही अशीच करावी. समजा, गांडूळखत १० रुपये किलो असून त्यात १ टक्का नत्र आहे आणि पेंड ४० रुपये किलो असून तिच्यात ५ टक्के नत्र आहे. पहिल्यात एक ग्रॅम नत्र १ रुपयाला, तर दुसऱ्यात ८० पैशांना पडते. नत्रापुरते पाहिल्यास पेंड स्वस्त ठरते. पण जयपूरच्या मातीला ज्याची उणीव आहे तो स्थिर कर्ब गांडूळखतासोबत येतो. म्हणून निवड करताना ‘काय स्वस्त’ या प्रश्नाआधी ‘कशाची उणीव’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

अतिरेकाचा धोकाही याच ठिकाणी सांगणे योग्य ठरेल. सेंद्रिय खत कितीही दिले तरी चालते, हा समज निराधार आहे. पेंड असो वा रासायनिक खत, जमिनीत तयार होणारे नायट्रेट एकच असते. रेताड जमिनीतून ते भूजलापर्यंत पोहोचते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक नायट्रेट तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटवू शकते. राजस्थानच्या अनेक भागांत भूजलातील नायट्रेट ही आधीपासूनचीच समस्या आहे. बागेतला अतिरेक त्यात भर घालतो.

वेळापत्रक आणि वनस्पतींची निवड

जयपूरमध्ये शेणखत व कंपोस्ट देण्यास पावसाळ्याच्या आरंभीचा काळ योग्य असतो, कारण विघटनास लागणारा ओलावा तेव्हाच मिळतो. खड्डे मे महिन्यात खोदून उन्हात तापू द्यावेत आणि पूर्ण कुजलेले खत मातीत मिसळून पावसाच्या तोंडावर भरावेत. ऑक्टोबरमध्ये गुलाबाच्या छाटणीनंतर आणि फेब्रुवारीत पेंडीची अल्प मात्रा द्यावी. एप्रिल ते जून या काळात सघन खते टाळून पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. आच्छादनामुळे बाष्पीभवन कमी होते, क्षार पृष्ठभागावर चढत नाहीत आणि पाने कुजून पुढच्या वर्षाचे खत तयार होते. हा पालापाचोळा जाळणे म्हणजे मातीचा कर्ब धुरावाटे गमावणे होय.

सर्वच वनस्पतींना सारखे पोषण लागत नाही. खेजडी, म्हणजे महाराष्ट्रात दसऱ्याला पुजली जाणारी शमी, १९८३ पासून राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. ती व रोहिडा ही झाडे कमी अन्नद्रव्यांच्या जमिनीतच उत्क्रांत झाली आहेत. त्यांना भरमसाट खत देणे निरर्थक आहे. बोगनवेलीला अधिक नत्र दिल्यास पाने वाढतात व फुले घटतात. गुलाब, लिंबू आणि भाजीपाला यांना मात्र नियमित पोषण हवे असते.

कंपोस्टची परंपरा आणि आजचे धोरण

कचऱ्यापासून शास्त्रीय पद्धतीने खत करण्याच्या आधुनिक विद्येचा एक उगम भारतात आहे. इंदूर येथील वनस्पती उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर पद्धत विकसित केली. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्यावरील ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड हे होते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी नाडेप पद्धत ही महाराष्ट्राची देणगी होय. सुमारे ३ मीटर लांब, १.८ मीटर रुंद व ०.९ मीटर उंच अशा, भिंतीत झरोके ठेवलेल्या विटांच्या टाक्यात काडीकचरा, माती व थोडे शेण यांचे थर रचले जातात आणि तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. सुमारे १०० किलो शेणात दीड टनाच्या आसपास काडीकचरा कुजवता येतो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य. जयपूरच्या कोरड्या वाऱ्यात झरोक्यांतून ओलावा लवकर उडतो. त्यामुळे तेथे टाक्यावर सावली आणि वारंवार पाणी शिंपडणे अपरिहार्य असते. पद्धत एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात नेताना असा बदल करावाच लागतो.

शहरांतील ओला कचरा हा कर्बाचा सर्वांत मोठा दुर्लक्षित साठा आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी उगमस्थानीच कचऱ्याचे वर्गीकरण बंधनकारक केले. २०१६ मध्येच शहरी कंपोस्टच्या विक्रीस टनामागे १,५०० रुपयांचे बाजार विकास साहाय्य जाहीर झाले. २०१८ च्या अर्थसंकल्पात गोबरधन योजनेची घोषणा झाली आणि जून २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेतील प्रकल्पांतून निघणाऱ्या सेंद्रिय खतांसाठी टनामागे १,५०० रुपयांच्या साहाय्यास मंजुरी दिली. परंतु अनुदानाने खताची किंमत कमी होते, शुद्धता वाढत नाही. बॅटरीचे सेल, रंगाचे डबे व ट्यूबलाइट ओल्या कचऱ्यात मिसळले, की त्यांतील जड धातू कंपोस्टमध्ये आणि तेथून भाजीपाल्यात उतरतात. म्हणून जयपूरच्या एखाद्या स्वयंपाकघरात दोन वेगळ्या डब्यांत टाकला जाणारा कचरा, हाच शहराच्या मातीविषयीचा पहिला निर्णय असतो.

समारोप

या विवेचनाचे सार चार प्रश्नांत मांडता येईल. मातीत कशाची उणीव आहे? निवडलेले द्रव्य ती उणीव या सामूवर व या पाण्यावर भरून काढू शकते काय? ते पूर्ण कुजलेले व मानकानुसार शुद्ध आहे काय? आणि झाडाला त्याची गरज किती व केव्हा आहे? या क्रमाने विचार केल्यास हाडांचा चुरा, राख किंवा कच्चे शेण जयपूरच्या अंगणातून आपोआप बाद होतात आणि कुजलेले शेणखत, लेंडीखत, गांडूळखत, निंबोळी पेंड व पालापाचोळ्याचे आच्छादन पुढे येतात. कोकणात किंवा विदर्भात हेच चार प्रश्न विचारले, तर उत्तरे काहीशी वेगळी येतील. विद्यार्थ्यांनी म्हणूनच तयार उत्तरांची यादी पाठ करण्याऐवजी हे प्रश्न ध्यानात ठेवावेत आणि शक्य असल्यास आपल्या घराजवळील ओंजळभर माती एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. पुस्तकातील सामू, कर्ब आणि विद्युतवाहकता हे शब्द त्यानंतर केवळ शब्द राहणार नाहीत.